राऊतबाईंचा आलेखाचा तास

राऊतबाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. शाळेत शोकसभा झाली तेव्हा जो उठला तो म्हणाला, "बाई फार मायाळू होत्या." मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या वर्गात मराठी शिकवलं. मध्ये एक पातळ भिंत. बाईंचा आवाज कधी चढला, कधी उतरला, सगळं मला त्या भिंतीतून कळायचं. मायाळू हा शब्द मला त्यांच्यासाठी कधी सुचला नसता. बाई आयुष्यभर मारामारीत होत्या. अर्धी मारामारी बाहेरच्यांशी, अर्धी स्वतःच्या डाव्या हाताशी.

बाई मूळच्या डावऱ्या. त्यांची वाडी वसईत निर्मळच्या बाजूला, केळीची आणि पानवेलीची. लहानपणी वडिलांनी वेताने फोडून काढून त्यांना उजव्या हाताने लिहायला लावलं. "लिहिणं उजव्या हातात गेलं," बाई म्हणायच्या, "मारणं डाव्यातच राहिलं." फळ्यावर उजव्या हाताने लिहिताना त्या डाव्या हातात डस्टर घट्ट धरून ठेवायच्या. खडू खाली ठेवला तरी डस्टर सुटायचं नाही. स्टाफरूममध्ये चहा पितानासुद्धा ते मांडीवर असायचं. मी नवा होतो तेव्हा एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "हात रिकामा राहिला की भलतीकडे जातो, मास्तर."

त्या मला मास्तरच म्हणायच्या. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, खेडकडून आलेला, माणिकपूरला भाड्याने राहणारा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

आमची शाळा सातिवलीत, कारखान्यांच्या गाळ्यांच्या मागे. पत्र्याचे डबे बनवणारे, प्लास्टिक वितळवणारे, लोखंड कापणारे गाळे. पोरांचे बाप तिथे कामाला. कोणाची दोन बोटं प्रेसखाली गेलेली, कोणाची चार. दिवसभर मशीनच्या तोंडी राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पोरांना बडवायचं, असा कितीतरी घरांचा रिवाज. वळ उठलेली पोरं वर्गात यायची आणि दुपारच्या सुट्टीत एकमेकांवर तेच काढायची. नळावर पाण्यासाठी डोकी फुटायची. अशा शाळेत एक बाई सणावारी पोरांना आलेखाच्या कागदावर पतंग आणि कंदील काढायला लावायच्या, आणि ती पोरं तासभर मान वर करायची नाहीत.

हे कसं सुरू झालं ते मला आधी गणपत शिपायाने सांगितलं. पुढे बाईंनी स्वतः सांगितलं. दोघांच्या सांगण्यात तिळमात्र फरक नव्हता.

मी शाळेत यायच्या आधीची गोष्ट. नववीत सुषमा भोईर नावाची मुलगी होती, जवळच्या कामण गावाहून यायची. बाई बिंदू मांडायला शिकवत होत्या. आधी आडवं मोजायचं, मग उभं. सुषमा आधी उभं मोजायची. तीन कॉमा दोन म्हटलं की तिचा बिंदू दोन कॉमा तीनवर. बाईंनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. चौथ्यांदा तिचा बिंदू तिथेच पडला आणि बाईंचा डावा हात सुटला. मुलगी बाकावरून खाली गेली. उठली तेव्हा तिच्या उजव्या कानातून रक्ताची धार गळ्यापर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी भर तासाला सुषमाची आई वर्गात शिरली. शेतावरून तशीच आलेली, पायांना चिखल. तिने पायातली चप्पल काढली आणि पन्नास पोरांसमोर बाईंना मारायला लागली. तोंडावर, डोक्यावर, पाठीवर. गणपत सोडवायला धावला तर बाईंनीच त्याला हाताने थांबवलं. चष्मा फुटला, भुवई फुटली. बाई फळ्याला टेकून उभ्या राहिल्या. आई दमली तेव्हा थांबली.

"अजून मारायचं तर मारा," बाई म्हणाल्या, "पण पोरीला शाळेतून काढू नका."

"कोन ठेवतंय तुझ्या शालेत!" सुषमाची आई थुंकून निघून गेली.

सुषमाचा कान पुन्हा नीट झाला नाही. डॉक्टरांकडे बाईच घेऊन जायच्या, पण पडदा फाटला तो फाटलाच. शाळेने प्रकरण दाबलं. बाईंनी दाबलं नाही. दर रविवारी त्या स्कूटरवरून कामणला जायच्या आणि भोईरांच्या ओट्यावर बसायच्या. आत कोणी बोलवायचं नाही. पाणीसुद्धा विचारायचं नाही. सुषमा दाराआडून बघायची. असे कितीतरी रविवार गेले. एकदा तिच्या चुलत्याने स्कूटरची दोन्ही चाकं कोयत्याने फाडली. बाई स्कूटर ढकलत मुख्य रस्त्यापर्यंत गेल्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा आल्या.

मग संक्रांत आली. त्या दिवशी वस्तीतली सगळी पोरं पतंगात गुंतलेली. बाईंनी ओट्यावर आलेखाचा कागद पसरला आणि चार समीकरणं लिहिली. एक्स अधिक वाय बरोबर सहा. एक्स वजा वाय बरोबर सहा. वाय वजा एक्स बरोबर सहा. एक्स अधिक वाय बरोबर उणे सहा. कागद तिथेच ठेवून त्या विहिरीकडे जाऊन उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने परत आल्या तर कागदावर पतंग होता. चारही रेघा नेमक्या. दोन अक्ष म्हणजे पतंगाच्या काड्या. सुषमाने खाली पेन्सिलने शेपूटही काढलं होतं आणि बाजूला त्याचं समीकरण लिहिलं होतं, एक्स बरोबर शून्य. ते बाईंनी दिलंच नव्हतं.

"तेव्हा मला रडू आलं," बाई मला म्हणाल्या होत्या, "पण त्या घरासमोर रडायचा मला हक्क नव्हता. मी म्हटलं, आता दिवाळीचा कंदील."

सुषमा शाळेत परत आली नाही. दहावीला बाहेरून बसली आणि पास झाली. आणि बाईंच्या वर्गात सण शिरले ते कायमचे. दिवाळीला कंदील, नाताळात दोन त्रिकोणांचा तारा, होळीला लाकडांचा ढीग, गोपाळकाल्याला हंडी. नाताळात वर्गाच्या खिडक्यांना तारे लागायचे, प्रत्येक ताऱ्याखाली त्याची सहा समीकरणं. नियम एकच, खोडरबर वापरायचं नाही. "चुकलेला बिंदू दिसू दे. लपवायचा नाही," भिंतीपलीकडून आवाज यायचा. रागावल्या की डस्टर टेबलावर आपटायच्या. इतक्या जोरात की माझ्या वर्गातली पोरं दचकायची. त्यांनी तीन डस्टर फोडलेली मी पाहिली. पोराला हात लावलेला एकदाही पाहिला नाही.

आता एका श्रावणाबद्दल सांगतो.

दहावीत नीलेश आणि सागर असे दोन मुलगे होते. दोघांच्या चाळी एकाच रस्त्यावर समोरासमोर, दोन्हीकडे गोविंदांची पथकं आणि दोन्हीकडे वर्षानुवर्षांची खुन्नस. सरावाच्या वेळी रस्ता कोणी अडवायचा यावरून हाणामारी झाली आणि नीलेशच्या मोठ्या भावाचं डोकं लोखंडी पाइपने फुटलं. चौदा टाके. पुढचे दोन दिवस वर्गात कोणी कोणाशी बोलेना. पोरं दप्तरात काय काय घेऊन येत होती ते आम्हाला कळत होतं आणि आम्ही कळत नसल्यासारखं करत होतो.

बाईंनी तसं केलं नाही. काल्याच्या आदल्या दिवशी त्यांनी नीलेश आणि सागरला एका बाकावर बसवलं, दोघांत मिळून एकच कागद दिला. मनोऱ्याची एक बाजू नीलेशने काढायची, तीन एक्स अधिक वाय बरोबर नऊ. दुसरी सागरने, वाय वजा तीन एक्स बरोबर नऊ. दोन्ही रेघा जिथे भेटतील तिथे हंडी, शून्य कॉमा नऊवर. एकट्याच्या रेघेला हंडी सापडत नाही, असा त्यातला डाव.

तो डाव चुकला. बाईंनी पुढे स्वतःच तसं सांगितलं.

सागरची रेघ आधी झाली. कागद नीलेशकडे सरकवताना तो हळूच म्हणाला, "काढ. तुझ्या भावाचं डोकं शिवून झालं काय?"

नीलेशच्या हातात डिव्हायडर होता, कंपासपेटीतला, दोन्ही पायांना सुया असलेला. त्याने तो मुठीत धरून सागरच्या मानेच्या रोखाने मारला. बाई बाकाशेजारीच होत्या. डस्टर टाकून त्यांनी डावा हात मध्ये घातला. दोन्ही सुया तळहातात गेल्या, एक पार पलीकडे निघाली. भिंतीपलीकडून मी फक्त किंचाळणं ऐकलं. धावत दारात आलो तेव्हा बाईंच्या हातात डिव्हायडर रुतलेला होता, उजव्या हाताने त्यांनी नीलेशची कॉलर पकडली होती आणि तो रक्ताळलेला डावा हात वर उचललेला होता. पूर्ण वर. नीलेशने डोळे मिटून मान आत ओढली. वर्गातले सगळे त्या हाताकडे बघत होते. मीही.

हात तसाच वर राहिला. मग बाईंनी तो हळूहळू खाली आणला, डिव्हायडर उपटून काढला, टेबलावर ठेवला.

"बस खाली," त्या म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता. "तुझी रेघ राहिलीय."

नीलेश बसला. पट्टी त्याच्या हातून कागदावर सारखी सरकत होती. तेव्हा सागरने पट्टीचं दुसरं टोक धरलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पण बातमी शाळेबाहेर गेली होती, आणि उलटी गेली होती. कोणीतरी सांगितलं की सागरने नीलेशला भोसकलं. पाऊण तासात नीलेशच्या चाळीतले पंधरावीस जण बांबू आणि पाइप घेऊन फाटकावर आले. पुढे बंटी नावाचा तरुण होता, आमचाच माजी विद्यार्थी. "सागरला बाहेर काढा!" फाटक हलायला लागलं. मुख्याध्यापक फोन लावत होते. मी माझ्या वर्गातली आणि बाईंच्या वर्गातली मिळून सत्तरेक मुलं एका खोलीत कोंबली आणि आतून कडी लावली. मला सांगायला हवं, कडी लावताना मी मुलांचाच विचार करत होतो असं नाही.

खिडकीतून दिसत होतं. हाताला रुमाल गुंडाळून बाई फाटकाकडे चालत गेल्या. फाटक उघडून बाहेर गेल्या आणि ते पाठीमागे लोटून घेतलं.

"बंटी, कोणाला काही झालेलं नाही. नीलेश वर्गात बसलाय. घरी जा."

"बाई, तुम्ही बाजूला व्हा."

"नाही होणार."

"बाई, शेवटचं सांगतो."

"मी पण शेवटचंच सांगते. घरी जा."

पहिला पाइप खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज खिडकीपर्यंत आला. बाई फाटकावर आदळल्या, पण गज सोडला नाही. दुसरा पाठीवर बसला, तिसरा पायावर. खाली पडल्या तेव्हा त्या फाटकाला आडव्या पडल्या, फाटक बाहेरच्या बाजूला उघडायचं, म्हणून. कोणीतरी त्यांना लाथेने बाजूला सारायला गेला आणि तेवढ्यात नीलेश कुंपणाच्या भिंतीवरून उडी टाकून बाहेर आला. मी कडी लावली त्या खोलीत तो नव्हताच. "मला काय नाय झालं! बघा, मला काय नाय झालं!" असं ओरडत तो बाईंच्या अंगावर पडला. चौथा पाइप त्याच्या मनगटावर बसला. आपल्याच पोराचं हाड मोडलंय हे लक्षात आल्यावर मगच ते लोक थांबले.

बाई सात आठवडे अंथरुणावर होत्या. खांदा पुढे कायमचा उतरलेला राहिला. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा त्यांनी ओळखले तेवढ्या सगळ्यांची नावं सांगितली. त्यातले चार त्यांचे विद्यार्थी होते. नीलेशच्या डिव्हायडरबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "त्याला आणि सागरला एका बाकावर मी बसवलं. चूक माझी. ते मी बघते." शाळा नीलेशला काढून टाकायला निघाली होती. बाईंनी प्लास्टरमधून निरोप पाठवला, त्याला काढलंत तर माझाही राजीनामा घ्या.

मग धमक्या सुरू झाल्या. आधी फोनवर. मग दारावर दगड. एका सकाळी वाडीत गेल्या तर केळीची एक अख्खी रांग कोयत्याने आडवी केलेली, घड लगडलेले होते तशीच. वाडीतच राहणारा बाईंचा भाऊ हवालदिल झाला. मी भेटायला गेलो होतो तेव्हा त्यांच्या घरच्या बोलीत दोघांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. मला अर्धंच कळत होतं. पण शेवटचं कळलं. भाऊ म्हणत होता, तक्रार मागे घे, उद्या माझी मान कापतील. बाई उठल्या, मोडक्या खांद्याने दाराची कडी काढली आणि म्हणाल्या, "तू धाकट्या बहिणीकडे जाऊन राहा थोडे दिवस. मी इथेच आहे."

वसईच्या कोर्टात बाईंची साक्ष झाली त्या दिवशी मी गेलो होतो. बंटीच्या वकिलाचं म्हणणं, बंटी त्या वेळी समोरच्या चहाच्या टपरीवर होता, गर्दीत बाईंनी चेहरा चुकीचा ओळखला.

बाईंनी कागद मागितला. परवानगी मिळाल्यावर त्यावर दोन रेघा काढल्या. "फाटक हा आरंभबिंदू. रस्ता हा एक्स अक्ष. मी इथे. बंटी माझ्या उजवीकडे दोन पावलं, पुढे एक पाऊल. हा पिवळा शर्टवाला डावीकडे एक, पुढे एक." त्यांनी एकेक बिंदू मांडला, शेजारी नाव लिहिलं. शेवटी टपरी मांडली. "टपरी डावीकडे नऊ, पुढे बारा. तिथून चार फुटांचा पाइप माझ्या खांद्याला लागत नाही, साहेब. कोणालाही मोजायला पाठवा."

कोर्टात कोणीतरी हसलं. वकिलाने आवाज चढवला. "बाई, तुम्ही स्वतः एका विद्यार्थिनीला मारून बहिरं केलं होतं, हे खरं आहे का?"

मला वाटलं, आता संपलं. बाईंनी पाण्याचा घोट घेतला.

"खरं आहे. सुषमा भोईर. तिचा उजवा कान माझ्या या हातामुळे गेला. त्याची केस झाली नाही. व्हायला हवी होती. आज इथे उभं राहून मी तेही सांगते, लिहून घ्या." मग बंटीकडे बघत म्हणाल्या, "मारताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मला आतून माहीत आहे. म्हणूनच म्हणते, माझी ओळखण्यात चूक झालेली नाही."

बंटीने मान खाली घातली ती वर केली नाही. त्याला आणि आणखी दोघांना शिक्षा झाली. बाकीचे सुटले. बाई निकालाच्या दिवशी कोर्टात गेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांचा दहावीचा जादा तास होता.

पुढे त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात, स्टाफरूममध्ये आम्ही दोघेच असताना, मी त्यांना सांगून टाकलं. "बाई, त्या दिवशी मी कडी लावून घेतली. मी बाहेर यायला हवं होतं."

त्या उत्तरपत्रिका बांधत होत्या. सुतळीची गाठ मारून झाल्यावर म्हणाल्या, "मला माहीत आहे. कडीचा आवाज मी ऐकला होता." गठ्ठा बाजूला ठेवून म्हणाल्या, "मला राग आला होता तुमचा. बरेच दिवस होता. आता नाही." एवढंच. माझं समाधान व्हावं म्हणून एक शब्द जास्त बोलल्या नाहीत.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नाताळच्या आदल्या दुपारी, माणिकपूरला. चर्चसमोर गर्दी, दुकानांना तारे टांगलेले, रिक्षांची रांग खोळंबलेली. मी बँकेच्या पायऱ्या उतरत होतो. समोरच्या फुटपाथवर एक माणूस आपल्या पोरसवदा बायकोला हेल्मेटने मारत होता. धरून, सावकाश, मोजूनमापून मारत होता. भोवती माणसं उभी होती, काहींच्या हातात मोबाईल होते. कोणी पुढे जात नव्हतं.

खोळंबलेल्या एका रिक्षातून राऊतबाई उतरल्या. केस पार पांढरे झालेले, एक खांदा खाली. गर्दीतून वाट काढत त्या सरळ त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. हेल्मेट त्यांच्या त्याच खांद्यावर बसलं. त्या हलल्या नाहीत. मी रस्त्यात उतरलो आणि धावत सुटलो. एका रिक्षाची मला धडक बसता बसता राहिली, रिक्षावाल्याने आईवरून शिवी दिली. मी पोचलो तोवर तो माणूस बाईकला किक मारून निघून गेला होता. बाई फुटपाथच्या कडेला बसल्या होत्या. त्या पोरीचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि पदर तिच्या फुटलेल्या भुवईवर दाबून धरला होता.

"नाव काय तुझं? माझ्याकडे बघ. झोपायचं नाही. नाव सांग."

मी समोर उभा होतो. धाप लागलेली. बाईंनी मान वर केली. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मास्तर, नुसते उभे काय राहताय? रिक्षा थांबवा."

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून रिक्षा थांबवली. त्या मुलीला दोघांनी मिळून आत ठेवलं. बाई तिच्याशेजारी बसल्या. मी आत चढायला गेलो तर म्हणाल्या, "जागा नाही. तुम्ही पोलीस चौकीवर जा. गाडीचा नंबर बघितलात ना?"

"बघितला," मी म्हणालो. खरंच बघितला होता.

"मग जा."

रिक्षा वळली आणि हॉर्न मारत गर्दीत शिरली. मागच्या फटीतून बाईंचं पांढरं डोकं त्या मुलीवर वाकलेलं दिसत होतं. त्या तिला अजून नावच विचारत होत्या, आणि इतक्या मोठ्याने विचारत होत्या की रिक्षा चर्चच्या कोपऱ्यापर्यंत गेली तरी मला ऐकू येत होतं.